कपाट विकत घेतलं, पाटल्या नव्हे

ताई, नमस्कार.

आम्ही ठाण्यात राहणारं बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, कुटुंब. चार महिन्यांपूर्वी जुन्या फर्निचरच्या दुकानातून एक लोखंडी कपाट घेतलं. गेल्या आठवड्यात आतली तिजोरी अडकली म्हणून यजमानांनी खण ओढून काढला, तर मागे चोरकप्पा निघाला. त्यात रुमालाची पुरचुंडी होती. आत दोन सोन्याच्या पाटल्या, दोऱ्याने बांधलेलं शंभराच्या नोटांचं बंडल आणि एका सराफाचं नाव छापलेला जुना बटवा.

यजमान म्हणतात, कपाट आपण पैसे मोजून घेतलं, तेव्हा आतलं सगळं आपलं. शिवाय मालक आपल्या समाजाचा असणं शक्य नाही, आणि आपल्या धर्मग्रंथाची, तोराची, आज्ञा आपसांतल्या लोकांसाठी आहे. फार तर वर्षभर थांबू, कोणी आलं नाही तर मोडू. सासूबाई म्हणतात, एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलियाहू प्रेषित, येईपर्यंत हात लावायचा नाही. यजमानांची नोकरी गेल्यापासून घरात ओढाताण आहे, मुलीची कॉलेजची फी भरायची आहे.

आणखी एक. मी घरी मसाले करून विकते. एका गिऱ्हाईक बाईंकडून ६४० रुपये मोबाइलवरून दोनदा आले. त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तेही अजून परत केलेले नाहीत. आपला कायदा नक्की काय सांगतो?

– एक वाचक, ठाणे

प्रिय भगिनी,

पाटल्या तुमच्या नाहीत आणि नोटाही नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मनात धाकधूक राहणार नाही. पण तुमच्या यजमानांचा एकही मुद्दा मी उडवून लावणार नाही. त्यांनी मांडलेले तिन्ही मुद्दे आपल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, फार पूर्वी मांडलेत, त्यांवर कडाक्याचे वाद घातलेत. म्हणून त्यांनाही हे उत्तर वाचायला द्या. मी रब्बी नाही. कुठे निवाड्याचीच वेळ आली तर रब्बींना विचारा. पण या बाबतीतला कायदा इतका तपशिलात लिहिलेला आहे की घरच्या घरी बरंच काही ठरवता येतं.

मूळ आज्ञा तोरातल्या देवारीम (अनुवाद) या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात आहे. भावाचा बैल किंवा मेंढरू वाट चुकून भटकताना दिसलं तर पाठ फिरवू नकोस, त्याच्याकडे नेऊन पोचव. तो दूर राहत असेल किंवा कोण ते तुला माहीत नसेल, तर जनावर आपल्या घरी आण आणि तो शोधत येईपर्यंत सांभाळ. गाढवाचं तसंच, कपड्याचं तसंच, हरवलेल्या कुठल्याही वस्तूचं तसंच. शेमोथ (निर्गम) या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात तर वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसलं तरी परत ने, असं आहे. म्हणजे मालक आवडता हवा, ओळखीचा हवा, अशी अट नाहीच.

या आज्ञेतलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती फक्त 'घेऊ नकोस' एवढंच सांगून थांबत नाही. 'मी काही चोरलं नाही, मी नुसता बाजूने निघून गेलो' असं म्हणायची सोयही ती ठेवत नाही. वस्तू दिसली की काम मागे लागलं. तुमच्या बाबतीत तर वस्तू नुसती दिसलेली नाही, हातात आलेली आहे. ज्या क्षणी यजमानांनी ती पुरचुंडी बाहेर काढली, त्या क्षणापासून तुम्ही दोघं तिचे राखणदार झालात.

आता पहिला मुद्दा: कपाट विकत घेतलं, म्हणून आतलं आपलं.

मिश्ना या आपल्या रब्बींच्या जुन्या कायदेसंग्रहात 'बावा मेत्सिया' नावाचा भाग आहे. त्याचा दुसरा अध्याय सगळा सापडलेल्या वस्तूंचा. तो वाचताना दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. रस्त्यावर विखुरलेली फळं, विखुरलेली नाणी, भटाऱ्याच्या भट्टीतल्या एकसारख्या भाकऱ्या, दोरीत ओवलेले मासे ही सापडणाऱ्याची. कारण त्यांना ओळखायची खूणच नाही. उलट भांड्यातली फळं, पिशवीतले पैसे, एकावर एक रचून ठेवलेली तीन नाणी, घरी भाजलेली भाकरी यांची दवंडी पिटायची. तीन नाण्यांची चळत आपोआप पडत नाही, कोणीतरी ती रचलेली असते. घरच्या भाकरीवर त्या घरच्या बाईच्या हाताची ढब असते, ती तिला ओळखता येते. म्हणजे प्रश्न किमतीचा नाही, मालकाला 'हे माझं' असं पटवून देता येईल का, हा आहे.

याच अध्यायात तुमच्याच घरात घडल्यासारखा दाखला आहे. एकाने दुसऱ्याकडून फळं विकत घेतली आणि त्यांत त्याला नाणी सापडली. नाणी सुटी असतील तर त्याची. बांधलेली असतील तर त्याने ती उचलायची आणि मालक शोधायचा. कारण नाणी किती, बांधली कशी, गाठ कुठली, हे मालक सांगू शकतो. मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चेचा ग्रंथ म्हणजे तल्मूद. ते पुढे आणखी बारकाईने विचारतं, की फळं घेतली कोणाकडून? अनेक शेतकऱ्यांचा माल एकत्र करणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतली असतील, तर सुटी नाणी कोणाच्या हातून पडली हे कळायला मार्ग नाही, म्हणून ती घेणाऱ्याची. पण स्वतःच्याच शेतातला माल विकणाऱ्या घरमालकाकडून घेतली असतील, तर सुटी नाणीसुद्धा परत करायची.

यजमानांच्या बाजूने म्हणायचं तर तुमचा दुकानदार व्यापारी आहे, तो दहा घरांतून सामान उचलतो. चोरकप्प्यात दोन-चार सुटी नाणी घरंगळताना सापडली असती, तर मी म्हटलं असतं, ठेवा. पण इथे गाठ मारलेला रुमाल आहे, दोऱ्याने बांधलेलं बंडल आहे, सराफाचा बटवा आहे आणि आपल्याकडच्या पाटल्यांना असते तशी घडण आणि वजन आहे. शिवाय कपाट म्हणजे दहा शेतांतला मिसळलेला गहू नव्हे. ते आलं ते कुठल्यातरी एकाच घरातून.

शिमोन बेन शेताह यांची गोष्ट यजमानांना सांगा. यरुशलेममध्ये राजा यन्नाय आणि राणी शेलोमझियोन यांच्या काळातले, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले हे फार मोठे रब्बी. पोटासाठी जवसाच्या धाग्याचा धंदा करायचे, कष्टाचं काम. शिष्यांना वाटलं, गुरुजींना गाढव घेऊन देऊ, निदान पायपीट वाचेल. त्यांनी एका परक्या माणसाकडून, यहुदी नसलेल्या माणसाकडून, गाढव विकत घेतलं. पाहतात तर गाढवाच्या गळ्यात मोती अडकलेला. शिष्य आनंदाने धावत आले, "गुरुजी, आता कष्ट संपले!" शिमोन यांनी एकच विचारलं, "विकणाऱ्याला हे ठाऊक होतं का?" "नाही." "मग जा, परत देऊन या." दुसऱ्या एका परंपरेत त्यांचं उत्तर असं आहे: मी गाढव विकत घेतलं, मोती विकत घेतला नाही.

तुम्ही दुकानदाराला पैसे दिले ते कपाटाचे. पाटल्यांचे पैसे त्याने मागितले नाहीत, तुम्ही दिले नाहीत. ज्या व्यवहारात दोघांपैकी एकालाही वस्तू ठाऊक नव्हती, तिचा सौदा झाला असं कसं म्हणणार?

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे, आणि त्याला मला सरळच उत्तर द्यायचं आहे. मालक आपल्या समाजाचा नसेल तर?

तल्मूदचा निव्वळ शब्द घेतला, तर यजमान पूर्ण चूक बोलत नाहीत. देवारीममधली आज्ञा 'भावाच्या' वस्तूबद्दल आहे, आणि जुन्या चर्चेत बाहेरच्या माणसाची हरवलेली वस्तू परत करण्याची तेवढीच सक्ती धरलेली नाही. चोरी आणि फसवणूक मात्र सगळ्यांच्याच बाबतीत निषिद्ध. ही चर्चा झाली तो काळही लक्षात घ्यायला हवा. परक्या राजवटीखाली, बऱ्याचदा जुलमाखाली, आपले लोक जगत होते, आणि त्यांची हरवलेली वस्तू कोणी परत करत नव्हतं.

पण त्याच चर्चेला लागूनच दुसरी अट येते. परत न केल्याने परमेश्वराच्या नावाला बट्टा लागत असेल, तर परत करणं बंधनकारक. आणि परत केल्याने लोक म्हणणार असतील की ही माणसं विश्वासाची आहेत, तर ते स्तुत्य, असं १२व्या शतकात थोर धर्मपंडित रामबाम (मायमोनिदीज) यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. शिमोन यांच्या शिष्यांनीही गुरूंशी नेमका हाच वाद घातला होता: परक्याची हरवलेली वस्तू ठेवायला परवानगी आहे ना? शिमोन उसळले. "मला रानटी समजलात काय? या जगातल्या सगळ्या कमाईपेक्षा मला हे ऐकायला आवडेल, की यहुद्यांचा देव धन्य असो!" १७व्या शतकात विल्नाचे रब्बी मोशे रिव्कस यांनी यहुदी कायद्याच्या ग्रंथात पानाच्या कडेला जवळपास साक्ष दिल्यासारखं लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की हे मी पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवतो. परक्यांच्या चुकीवर श्रीमंत झालेले बरेच लोक मी पाहिले, त्यांची संपत्ती टिकली नाही. आणि मोठमोठ्या चुका परत करून परमेश्वराचं नाव उंचावणारे पाहिले, ते भरभराटीला आले.

आपल्याला तर हे कोणी परदेशातून शिकवायला नको. कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवत. शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आपला धर्म काय आहे, हे अलिबाग-रेवदंड्याच्या गावकऱ्यांनी आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातून वाचलं नाही. त्यांनी घाणा बंद राहिलेला पाहिला, तेलाचं माप पाहिलं, देणंघेणं पाहिलं. शतकानुशतकं आपण या लोकांमध्ये राहिलो, नावाच्या मागे गावाचं 'कर' लावलं, आणि यहुद्यांचा जो छळ दुसऱ्या देशांत झाला तो इथे झाला नाही. ज्या समाजाने असं वागवलं, त्या समाजातल्या कुठल्या तरी घरच्या आईच्या किंवा आजीच्या पाटल्यांना 'भावाच्या नव्हेत' म्हणणं मला जमत नाही. भगिनी, तुम्हालाही ते जमत नसावं, नाहीतर तुम्ही पत्र लिहिलं नसतं.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी देशाचा कायदा आहेच. शमूएल या बाबेलच्या (आजच्या इराकमधल्या) रब्बींचं वचन आपल्याकडे पक्कं मानलं जातं, की देणंघेणं आणि मालमत्तेच्या बाबतीत राज्याचा कायदा हाच कायदा. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं ७१वं कलम सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर राखणदाराची जबाबदारी टाकतं. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता वस्तू पचवली, तर तो भारतीय न्याय संहितेच्या ३१४व्या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं ४०३वं कलम होतं. सांभाळायला आणि परत करायला म्हणून ठेवून घेणं मात्र गुन्हा नाही. तेव्हा वस्तू आठवडाभर घरात आहे म्हणून घाबरू नका.

तिसरा मुद्दा: वर्षभर थांबू.

हरवलेल्या वस्तूवरचा हक्क मालकाने मनातून सोडला, 'गेली ती आता' असं तो म्हणाला, तर काही वस्तू सापडणाऱ्याच्या होतात, हे खरं. रस्त्यावर विखुरलेली नाणी सापडणाऱ्याची का, तर तल्मूद म्हणतं, माणूस घडीघडी आपली पैशांची पिशवी चाचपत असतो. नाणी पडल्याचं त्याला लगेच कळतं आणि तो आशा सोडतो. पण ज्याला आपलं काही हरवलंय हेच ठाऊक नाही, त्याने आशा सोडली असं धरायचं का? कळलं असतं तर सोडलीच असती, म्हणून आताच सोडली असं समजायचं? चौथ्या शतकात बाबेलमध्ये अबाय्ये आणि रावा या दोन दिग्गजांत यावर मोठा वाद झाला. रावा म्हणाले, समजायचं. अबाय्ये म्हणाले, नाही. न कळता सोडलेली आशा ही सोडलेली आशा नव्हे. या दोघांच्या वादांत बहुतेक वेळा निकाल रावांच्या बाजूने लागलेला आहे. अबाय्यांच्या बाजूने लागलेले ठळक निकाल फक्त सहा, आणि त्यांतला एक हा.

आता तुमचं कपाट डोळ्यांपुढे आणा. पाटल्या कोणी ठेवल्या, आपल्याला माहीत नाही. पण चोरकप्प्यात रुमालात बांधून पाटल्या ठेवणारी व्यक्ती आपल्याला परकी नाही, प्रत्येकाच्या घरात कोणीतरी तशी होती. तिने कोणाला सांगितलं नसेल, ती गेली असेल, मुलांनी घर आवरताना कपाट काढून टाकलं असेल. त्या मुलांना पाटल्यांची गंधवार्ता नसेल, किंवा 'आईच्या पाटल्या गेल्या कुठे' म्हणून भावंडांत अजून कुरबुर चालू असेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी वस्तू आता वारसांची आहे, आणि त्यांनी ती सोडलेली नाही. आणि मालकाने आशा सोडण्याआधीच वस्तू तुमच्या हाती आली असेल, तर नंतर त्याने आशा सोडली तरी तुमची जबाबदारी सुटत नाही. त्यामुळे वर्ष काय, दहा वर्षं थांबून काही साधत नाही.

(इस्रायलमधल्या वाचकांसाठी एक सांगते. तिथे १९७३चा हरवलेल्या वस्तूंचा स्वतंत्र कायदा आहे. पोलिसांना कळवून चार महिने मालक सापडला नाही, तर वस्तू सापडणाऱ्याची होऊ शकते. तो तिथला कायदा. ठाण्याच्या पाटल्यांना लागू नाही.)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं मिश्नात जवळपास अक्षरशः आहे. सापडलेल्या वस्तू कशा सांभाळायच्या हे तिथे सांगितलंय: पोथी सापडली तर ३० दिवसांतून एकदा उघडून वाचायची किंवा निदान उलगडायची, कपडा ३० दिवसांतून एकदा झटकून पसरायचा, चांदीची आणि तांब्याची भांडी त्यांच्याच भल्यासाठी वापरायची पण झिजवायची नाहीत. सोन्याच्या आणि काचेच्या वस्तूंना मात्र एलियाहू येईपर्यंत हात लावायचा नाही. सोनं पडून खराब होत नाही, म्हणून ते वापरायला सबबच नाही. आपण मलिद्याच्या ताटासमोर ज्या एलियाहू हन्नाबींचं नाव घेतो, तेच हे; ते परत येऊन अडलेले निवाडे करतील, अशी आपली श्रद्धा. तेव्हा लग्नकार्यात एका दिवसापुरत्याही त्या पाटल्या घालू नका. नोटांचं बंडलही सोडू नका, त्या नोटांच्या जागी दुसऱ्या ठेवण्याचा विचारही नको. दोरा आणि नोटांची घडी हीच मालकाची खूण असू शकते.

फक्त सासूबाईंच्या म्हणण्यात एक भर. एलियाहूंवर सोपवायचं ते शोध संपल्यावर. आधी शोध आपण घ्यायचा.

यरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा सापडलेल्या वस्तूची दवंडी तीन यात्रासणांना पिटली जाई, आणि शेवटच्या सणानंतर आणखी सात दिवस: तीन दिवस ऐकणाऱ्याला घरी जाऊन आपलं काही हरवलंय का ते पाहायला, तीन परत यायला, एक दावा सांगायला. शहरात एक ठरलेला दगड होता, तिथे हरवणारे आणि सापडणारे जमत. मंदिर पडल्यावर दवंडी सिनेगॉगमध्ये आणि पाठशाळेत आली. हरवलेली वस्तू बळकावणारे वाढले तेव्हा शेजारीपाजारी आणि ओळखीच्यांना सांगितलं तरी पुरे, असं ठरलं. जिथे मालकापर्यंत बातमी पोचेल, तिथे सांगायचं. तुमच्या मालकापर्यंत ती ठाण्याच्या सिनेगॉगच्या फलकावरून पोचणार नाही, हे उघड आहे.

आधी दुकानदाराकडे जा, यजमानांना बरोबर घेऊन. काय सापडलं हे सांगू नका. 'कपाटात जुन्या मालकाचं काहीतरी राहिलंय, ते द्यायचंय, कुठून उचललं होतंत?' एवढंच विचारा. कपाटावर कारखान्याचा किंवा कुलपाचा नंबर असेल तर तो नेऊन दाखवा. असे दुकानदार घर रिकामं करणाऱ्यांकडून किंवा भंगारवाल्याकडून माल घेतात. एखादा फोन नंबर, सोसायटीचं नाव, टेम्पोवाला, काहीतरी धागा निघतो. तो 'माझंच आहे, द्या' म्हणाला तर देऊ नका. मिश्ना सांगते, वस्तूचं नाव सांगितलं पण खुणा सांगता आल्या नाहीत तर द्यायची नाही, आणि ठकाने खुणा सांगितल्या तरी द्यायची नाही. परत करण्याइतकीच पारख करणंही तुमच्या जबाबदारीत येतं.

मग सराफ. बटव्यावरचं दुकान अजून चालू असेल तर पाटल्या घेऊन जा. आतल्या बाजूला शिक्का असतो, जुने सराफ स्वतःची घडण ओळखतात. तिसरं, आसपासच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एवढाच निरोप टाका, की अमुक महिन्याच्या सुमारास ज्यांनी जुनं लोखंडी कपाट विकलं त्यांनी संपर्क करावा. सोन्याचा उल्लेख नको, चोरकप्प्याचा तर नकोच. जो फोन करेल त्याला बोलू द्या. पाटल्या किती, रुमाल कुठला, नोटा कितीच्या, हे त्याने सांगायचं.

याबरोबरच जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पाटल्यांचं वजन करून फोटो काढा, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला कागद करा, आणि वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. घरात नको. हलगर्जीपणाने चोरीला गेल्या तर भरपाई तुमच्यावर येते.

एवढं करूनही मालक सापडला नाही, तर सासूबाईंचा शब्द चालू करा. वही करा, मुलांना सांगून ठेवा. अलीकडच्या काही रब्बींनी सहज बदली मिळणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत किंमत लिहून ठेवून वापरायची सवलत दिली आहे, पण कोणाच्या तरी हातात वर्षानुवर्षं राहिलेल्या पाटल्यांची बदली बाजारात मिळत नाही.

फीचं मी विसरलेले नाही. ओढाताणीच्या घरात सोनं समोर ठेवून 'हात लावू नका' असं सांगणं सोपं नाही, आणि तुमच्या यजमानांबद्दल माझ्या मनात एक वाईट शब्दही येत नाही. कायद्याने तुमचा विचार केलाय. स्वतःची हरवलेली वस्तू आणि दुसऱ्याची हरवलेली वस्तू अशी वेळ आली, तर आधी स्वतःची, असं मिश्ना सांगते. शोधासाठी मसाल्याची ऑर्डर बुडवायची सक्ती तुमच्यावर नाही. लॉकरचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च लिहून ठेवा, मालक आला की तेवढे घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. त्याने खुशीने बक्षीस दिलं तर तेही घ्या. आणि फीसाठी समाजात मागा. गरजू भावाला बिनव्याजी देणं हीसुद्धा तोराची आज्ञाच आहे. ती पाळायची संधी आपल्या सिनेगॉगच्या मंडळींना द्या. मुलीच्या कॉलेजमध्ये हप्त्यांची विचारणा करा. यजमानांना एकट्याने जाणं जड जात असेल तर तुम्ही जा.

राहिले ६४० रुपये. इथे मालक शोधायचा नाही, नंबर तुमच्या फोनमध्ये आहे. आजच परत पाठवा, आणि फोन करून सांगा की दोनदा आले होते, पाठवायला उशीर झाला. चुकून आलेले पैसे ही भेट होत नाही, आणि त्या बाईंच्या लक्षात आलं नाही याचा अर्थ तुम्हाला अबाय्यांनी आधीच सांगितलाय. मरणानंतर न्यायासनापुढे माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'देणंघेणं इमानाने केलंस का?' असा, असं रावा म्हणून गेले. तोराच्या अभ्यासाची चौकशी त्याच्या नंतर.

आणि मसाला विकता म्हणून एक शेवटचं सांगते, कारण हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. मिश्नाच्या 'बावा बाथ्रा' या भागात दुकानदारासाठी नियम आहे: मापं आठवड्यातून दोनदा पुसायची, वजनं आठवड्यातून एकदा, आणि तराजूचं पारडं प्रत्येक वजनानंतर. चिकटलेल्या मालामुळे गिऱ्हाइकाला गुंजभरही कमी जाऊ नये म्हणून. तिखट-हळद काट्यावर किती चिकटते ते तुम्ही जाणता. प्रत्येक पुडीआधी काटा पुसून शून्यावर आणा, आणि पिशवीचं वजन मसाल्यात धरू नका.